क्रूझवर रात्रीचं जेवण: हवी ती वेळ आणि हवं ते टेबल कसं मिळवावं

क्रूझचं तिकीट काढताना केबिन कुठल्या मजल्यावर, बाल्कनी आहे का, कुठल्या बंदरात किती तास थांबणार, याचा आपण अगदी कीस काढतो. जेवणाच्या वेळेचा रकाना आला की मात्र समोर दिसेल त्यावर टिक करून मोकळे होतो. सात रात्रींच्या प्रवासात सात संध्याकाळी त्या एका टिकेवर ठरतात. बंदरावरून कधी परतायचं, कार्यक्रम कुठला बघायचा, मुलांना कधी झोपवायचं, सगळं त्यावर. म्हणून हा रकाना मी आता सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश भरते.

आधी दोन पद्धतींमधला फरक समजून घ्या. पहिली ठरावीक वेळेची. मुख्य डायनिंग रूममध्ये दोन पंगती असतात. लवकरची साधारण साडेपाच ते सहाच्या सुमाराला, उशिराची आठ ते साडेआठच्या आसपास. रोज तेच टेबल, तेच वेटर आणि मोठं टेबल असेल तर तेच शेजारी. दुसरी लवचीक वेळेची. डायनिंग रूम संध्याकाळभर उघडी असते आणि तुम्ही त्या वेळात केव्हाही जाता, वेळ राखून किंवा आयत्या वेळी. कंपनीगणिक नाव बदलतं. रॉयल कॅरिबियनवर ते 'माय टाइम', कार्निव्हलवर 'युअर टाइम', हॉलंड अमेरिकावर 'ॲज यू विश', सेलिब्रिटीवर 'सिलेक्ट'. नॉर्वेजियनने २००० साली 'फ्रीस्टाइल' आणून ठरावीक पंगतच काढून टाकली. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर तर मुख्य डायनिंग रूमच नाही, छोटी छोटी रेस्टॉरंट आहेत. डिस्नेची तऱ्हा आणखी निराळी: वेळ ठरावीक, पण रेस्टॉरंट आलटून पालटून, आणि तुमचे वेटर तुमच्याबरोबर एका रेस्टॉरंटमधून दुसऱ्यात येतात.

हवं तेव्हा जेवायची ही सोय आजकालची वाटते, पण तिचं मूळ शंभर वर्षांहून जुनं आहे. हॅम्बर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' या जहाजावर १९०५ साली स्वतंत्र रेस्टॉरंट सुरू झालं. तिथे पैसे वेगळे द्यायचे आणि हवं तेव्हा जेवायचं. १९१२ साली 'टायटॅनिक'वरही पहिल्या वर्गासाठी असं एक रेस्टॉरंट होतं, सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत उघडं. जेवणाच्या मोठ्या दालनात मात्र बिगूल वाजला की सगळ्यांनी जायचं. बिगूल आणि हवी ती वेळ, या दोन पद्धती आजही जहाजावर शेजारी शेजारी नांदतात.

आधी संध्याकाळींचा तक्ता मांडा

कुठलंही बुकिंग करण्याआधी एक कागद घ्या. प्रवासातल्या रात्री एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीपुढे त्या दिवशी जहाज कुठे आहे आणि बंदर किती वाजता सोडणार आहे ते लिहा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण पुढचे सगळे निर्णय त्यातूनच सुटतात.

जहाज रात्री आठला निघणार असेल, तर प्रवाशांनी साधारण अर्धा ते एक तास आधी परत यायचं असतं. तुमची पंगत साडेपाचची असेल तर गावातून चारलाच निघायला हवं, म्हणजे अंघोळ आणि कपडे उरकून टेबलावर पोचाल. ऊन उतरून गाव बघण्यासारखं होतं नेमकं त्याच वेळी. जहाज दुपारी चारलाच सुटत असेल तर प्रश्नच नाही. अशी उशिरा सुटणारी बंदरं तीन-चार असतील तर लवचीक वेळच घ्या. एखादंच असेल तर ठरावीक वेळेतही चालून जातं. त्या रात्री बुफेत जेवा, कोणी नाराज होत नाही.

ज्या दिवशी जहाज दिवसभर समुद्रावर असतं ते दिवसही खूण करून ठेवा. ठेवणीतले कपडे घालून जेवायला जायची रात्र बहुधा त्याच दिवशी येते. त्या रात्री डायनिंग रूम सगळ्यात भरलेली असते, कारण मेन्यू खास असतो आणि कोणालाच तो चुकवायचा नसतो. लवचीक वेळवाल्यांनी आधी वेळ राखून ठेवावी अशी ही पहिली रात्र.

मग पद्धत निवडा

लहान मुलं बरोबर असतील, आठ-दहा जणांचा गोतावळा असेल किंवा रोज तोच वेटर हवा असेल, तर ठरावीक वेळ घ्या, आणि त्याचं मुळीच वाईट वाटून घेऊ नका. तिसऱ्या दिवशी तुम्ही बसायच्या आत पाण्याचा ग्लास बर्फाशिवाय येतो, मुलीची पोळी किंवा पाव आधी येतो, हे सुख लवचीक वेळेत सहसा मिळत नाही. मोठ्या गटाला रोज नव्याने एकत्र टेबल मिळणं तर अवघडच. दोघंच असाल, घड्याळाला बांधून घ्यायला आवडत नसेल, दर बंदरावर शेवटपर्यंत रेंगाळणारे असाल, तर लवचीक वेळ तुमच्यासाठीच आहे.

लवकरची पंगत भरलेली दिसली तर लवचीक वेळ घेऊन प्रतीक्षा यादीत नाव घाला. प्रवासाआधी लोक बुकिंग रद्द करतात, बदलतात, आणि जागा निघतात.

घरून काय काय राखून ठेवावं

बहुतेक कंपन्यांच्या ॲपवर किंवा तुमच्या बुकिंगच्या खात्यात जेवणाच्या वेळा राखता येतात. कधीपासून, हे कंपनीवर आणि तुमच्या केबिनच्या वर्गावर अवलंबून असतं. सूट म्हणजे मोठ्या, महागड्या केबिन घेतलेल्यांना आणि जुन्या प्रवाशांना आधी दार उघडतं. उदाहरणार्थ, डिस्नेवर पहिल्यांदा जाणाऱ्यांना वेगळे पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटांसाठी ही सोय प्रवासाच्या ७५ दिवस आधी मिळते, तीही पूर्ण पैसे भरलेले असतील तर. तुमच्या कंपनीची तारीख बघून कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या दिवशी सकाळीच बसा.

पण सगळ्याच रात्री राखू नका. पहिल्या प्रवासात मी उत्साहाने साती रात्रींच्या वेळा ठरवल्या आणि पुढे आठवडाभर त्या बदलत बसले. आता तीनच रात्री ठरवते: एक खास कपड्यांची, एक वेगळे पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटमधली आणि एक ज्या दिवशी कार्यक्रम नक्की बघायचा आहे ती. बाकीच्या मोकळ्या. लवचीक वेळेचा खरा उपयोग या मोकळ्या रात्रींमध्येच आहे.

वेगळे पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटांना स्पेशॅलिटी रेस्टॉरंट म्हणतात. तिथे टेबलं मोजकी असतात, सातची वेळ आधी संपते आणि जहाज समुद्रावर असतं ती रात्र सगळ्यात आधी. प्रवासाची पहिली रात्र मात्र बऱ्याचदा रिकामी असते, कारण लोक अजून जहाजात वाट शोधत असतात. त्या रात्री कधी कधी सवलतही मिळते. आरक्षण करताना रद्द करण्याची मुदत वाचा. अनेक ठिकाणी २४ तास आधी सांगितलं नाही आणि गेलाही नाहीत तर पैसे खात्याला लागतात.

दोन-तीन कुटुंबं वेगवेगळ्या बुकिंगवर निघाली असतील तर कंपनीला किंवा एजंटला फोन करून सगळे बुकिंग क्रमांक एकमेकांना जोडून घ्या. हे न करता 'जहाजावर गेल्यावर बघू' म्हटलं की पहिली संध्याकाळ तीन वेगळ्या टेबलांवर जाते. ॲपमधून वेळ राखताना बरोबरच्या माणसांची नावं त्याच आरक्षणात घाला. एकाने सगळ्यांसाठी करायचं, प्रत्येकाने आपापलं नाही.

पथ्य किंवा ॲलर्जी असेल तर ती बुकिंग करतानाच लेखी कळवा, काही आठवडे आधी. ग्लूटेनमुक्त किंवा कोशर (ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेल्या) जेवणाचं सामान बंदरावरच जहाजात चढवावं लागतं, मधल्या समुद्रात ते आणता येत नाही. लवचीक वेळ घेतलेल्यांनी इथे जास्त जपावं. ठरावीक टेबलाचा वेटर तुमचं पथ्य पहिल्याच दिवशी लक्षात ठेवतो, पण लवचीक वेळेत रोज नवा माणूस समोर येतो. म्हणून रोज दारातच सांगा, टेबलावर परत सांगा, आणि हेड वेटरकडून उद्याचा मेन्यू आजच मागून घेऊन पदार्थ ठरवून ठेवा. हा उद्याचा मेन्यू मागायला लोक उगाच संकोचतात. ॲलर्जी असलेल्यांसाठी ही नेहमीची पद्धत आहे आणि स्वयंपाकघरालाही ते सोयीचं पडतं.

जहाजात चढल्याचा दिवस

या दुपारी बहुतेक जण थेट बुफेकडे जातात. तुम्ही आधी जेवणाच्या आरक्षणांचं टेबल कुठे मांडलंय ते विचारा. ते बहुधा डायनिंग रूमच्या दाराशीच असतं. पंगत बदलायची, मोठं टेबल मागायचं, खिडकीजवळची जागा विचारायची, हे सगळं इथे आणि आजच. नंतर जागा भरत जातात.

फोनवर कंपनीचं ॲप घरूनच उतरवून आणा. जहाजाच्या वायफायवर ते साधारणपणे इंटरनेटचे पैसे न भरताही चालतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग वायफाय चालू करा, आणि फोनचं घड्याळ जहाजाच्या वेळेला हाताने लावा. हा शेवटचा भाग मी अनुभवातून शिकले. एका बंदरावर फोनने किनाऱ्यावरच्या टॉवरची वेळ पकडली, जी जहाजाच्या वेळेपेक्षा एक तास मागे होती. साडेसातचं टेबल राखलेलं होतं, आम्ही नटूनथटून आमच्या हिशोबाने पाच मिनिटं आधी दारात उभे, आणि भिंतीवरच्या घड्याळात आठ पंचवीस. टेबल केव्हाच दुसऱ्यांना दिलेलं. अशी टेबलं साधारण पंधरा मिनिटं थांबतात, त्यापुढे नाही. त्यापासून मी मनगटावर साधं घड्याळ बांधते आणि त्यात फक्त जहाजाची वेळ ठेवते. रात्रीतून वेळ पुढेमागे होणार असेल तर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलेलं असतं.

आयत्या वेळी गेलात तर

मोकळ्या रात्री गर्दी केव्हा असते हे कळलं की निम्मं काम झालं. सूप, मुख्य पदार्थ आणि गोड असं जेवण सावकाश चालतं, दीड ते दोन तास. दार उघडताच बसलेली मंडळी सात-सव्वासातच्या सुमाराला उठतात, आणि नेमके तेव्हाच बहुतेकांना भूक लागून रांग लागते. त्यामुळे पावणेसात ते पावणेआठ ही वेळ टाळा. सहाच्या आत जा किंवा सव्वाआठनंतर. जायचंच असेल तर ॲपवरून नाव नोंदवा. बऱ्याच जहाजांवर आता दारात उभं राहावं लागत नाही, टेबल तयार झालं की फोनवर निरोप येतो.

दारातल्या माणसाला नेमकं सांगा. "दोघं आहोत, दुसऱ्यांबरोबर बसायला चालेल," असं म्हटलंत तर टेबल लवकर मिळतं, कारण दोघांची टेबलं कमी आणि मागणी जास्त. नकोच असेल तर तसंही मोकळेपणी सांगा आणि थांबायची तयारी ठेवा. एखाद्या वेटरची सेवा आवडली तर उठताना टेबलाचा क्रमांक लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी दारात तोच भाग मागा. थोडं थांबावं लागेल, पण बहुतेक वेळा मिळतो. लवचीक वेळ घेऊनही ओळखीचा चेहरा हवा असेल तर मला तरी याहून चांगला मार्ग सापडलेला नाही.

कार्यक्रम साडेआठचा असेल तर उलटा हिशोब करा. सव्वाआठला जागा धरायची, म्हणजे सव्वासहाला टेबलावर. आणि घाई आहे हे वेटरला बसल्या बसल्या सांगा. गोड यायच्या वेळी सांगून उपयोग नसतो, तोवर स्वयंपाकघरातला क्रम ठरलेला असतो.

शेवटची रात्र

ही रात्र तक्त्यात वेगळी लिहा. मोठ्या बॅगा रात्री ठरलेल्या वेळेच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात. उशिरा जेवणार असाल तर जेवायला जाण्याआधीच भरून ठेवा, नाहीतर गोड सोडून धावावं लागतं. आणि जेवणाचे कपडे उतरवल्यावर ते कुठे जाणार याचाही विचार करा: हातातल्या छोट्या पिशवीत तेवढी जागा ठेवा. दुसऱ्या दिवशीचा नाश्ता नेहमीपेक्षा लवकर सुरू होतो आणि लवकर बंदही होतो. त्याची वेळ आदल्या दिवशीच्या पत्रिकेत बघून ठेवा, कारण त्या सकाळी डायनिंग रूमच्या दारात कोणी तुमची वाट बघत थांबलेलं नसतं.