नार्नियाचा सिनेमा येईपर्यंत पुस्तक कसं वाचून ठेवायचं

‘बार्बी’ची दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग नार्नियावर, म्हणजे सी. एस. लुईसच्या जादुई जगाच्या सात पुस्तकांवर, सिनेमा करतेय आणि तेही त्यातल्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर, हे कळल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाहीये. नेटफ्लिक्सने हक्क घेतले 2018 ला, तेव्हापासून वाट बघतोय आपण. तर मधल्या काळात मी काय करतेय ते सांगते, पुस्तक आवडत असेल तर तुम्हीपण करून बघा. (पुस्तक वाचलंच नसेल तर आधी ते वाचा, खाली गोष्ट फुटणार आहे.)

पहिलं म्हणजे ट्रेलर यायच्या आत पुस्तक परत वाचून काढा. एकदा पडद्यावरचा चेहरा डोक्यात बसला की आपला जातो तो जातोच. 2005 च्या सिनेमापासून मला पांढरी चेटकीण म्हटलं की टिल्डा स्विंटनच दिसते, काम फार सुंदर केलंय तिने, पण आधी मला ती कशी दिसायची ते आता काही केल्या आठवत नाही. म्हणून यावेळी मी वही केलीये. चार्न नावाच्या मेलेल्या जगाचा तो म्हातारा लाल सूर्य केवढा, दोन जगांच्या मधलं ते जंगल, जिथे इतकं शांत आहे की झाडं वाढताना जाणवतात, तिथला उजेड कसा, असं प्रत्येक धड्याचं चार ओळीत लिहून ठेवायचं, चित्र येत असेल तर चित्र काढायचं. चार्नच्या दालनातली ती बसलेल्या राजाराण्यांची रांग तर नीट थांबून वाचा. सुरुवातीचे चेहरे प्रेमळ, मग गंभीर, मग क्रूर होत जातात आणि शेवटी जेडिस, तीच पुढची पांढरी चेटकीण. एका घराण्याचा अख्खा ऱ्हास नुसत्या चेहऱ्यांमधून सांगितलाय, मला तर ते वाचताना दरवेळी काटा येतो.

कुठल्या क्रमाने वाचायचं हा वाद जुना आहे. हे पुस्तक आलं 1955 ला, म्हणजे सातातलं सहावं, पण गोष्ट सगळ्यात आधीची म्हणून आता त्यावर 1 नंबर छापतात. माझं मत स्पष्ट आहे, आधी 1950 चं कपाटवालं, म्हणजे ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’, वाचा. बर्फातला तो दिव्याचा खांब आधी भेटलेला असेल तरच तो जमिनीतून उगवताना बघून आत काहीतरी हलतं.

मग सिनेमावाले काय वाढवतील याचा अंदाज घ्यायचा, म्हणजे थेटरात धक्का बसत नाही. कपाटाच्या पुस्तकात हवाई हल्ल्यांमुळे मुलांना लंडनबाहेर पाठवलं हे एका वाक्यात संपतं, त्याचा 2005 चा सिनेमा मात्र सुरूच बॉम्बहल्ल्याने होतो. 2008 च्या प्रिन्स कॅस्पियनमध्ये दुष्ट राजा मिराझच्या किल्ल्यावर रात्रीचा हल्ला आहे, तो पुस्तकात नाहीच. म्हणजे पुस्तकात जिथे लढाई नुसती बोलण्यात येऊन जाते तिथे सिनेमा थांबणार. इथे तशी जागा म्हणजे जेडिस आणि तिच्या बहिणीचं युद्ध, पुस्तकात ती स्वतःच्या तोंडाने थोडक्यात सांगते. तेवढं वाढवलं तर मी समजून घेईन.

पण एक प्रसंग मोठ्याने वाचाच, अस्लन, म्हणजे नार्नियाचा सिंह, गातो तो. आठव्या धड्याच्या शेवटी सुरू होतो आणि नववाभर चालतो. मिट्ट काळोख, लांबून एक आवाज, शब्द नाहीत, धड चालपण नाही, मग वरून आणखी आवाज त्यात मिसळतात आणि एकदम सगळे तारे. मी भाचीला हे मराठीत सांगत सांगत वाचलं, दिवा बंद करून, मोबाईलच्या उजेडात, आणि तारे आले तेव्हा ती हळूच म्हणाली, “मावशी, परत वाच ना.” आणि हे बघा, तेच गाणं गोष्टीतल्या डिगरी या मुलाच्या मामाला, अंकल अँड्र्यूला, नकोसं होतं, सिंह गाणार कसा असं तो स्वतःला इतकं बजावत राहतो की शेवटी त्याला नुसती डरकाळीच ऐकू येते. एकच आवाज मुलांना वेगळा आणि मामाला वेगळा, हे सिनेमात कसं करणार याची मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. सिनेमा आयमॅक्सला लागणार असं जाहीर झालंय, मुंबई-पुण्याकडे असाल तर त्या आवाजासाठी तिथलंच तिकीट काढा.

आणि डिगरीची आजारी आई. लेखक सी. एस. लुईस नऊ वर्षांचा होता तेव्हा त्याची आई गेली, 1908 ला. हे माहीत असताना शेवटचे धडे वाचा, डिगरी आईसाठी काहीतरी मागतो आणि मान वर करून बघतो तर सिंहाच्याच डोळ्यात पाणी. हे वाचताना घाई करू नका, शक्यतो एकटे असताना वाचा.

एकूण पंधरा धडे आहेत, रविवारी एक धरला तरी चार महिन्यांच्या आत होतात. मुलं असतील तर त्यांना अंगठ्या करायला द्या, पिवळी जंगलात नेणारी, हिरवी तिथून बाहेर काढणारी, आम्ही पुठ्ठ्याच्या केल्या. आमचे बारा धडे झालेत. या रविवारी डोंगरावरची ती बाग आहे, आणि डिगरी सफरचंद खातो की नाही हे आधी कोणी सांगायचं नाही अशी भाचीने घरात सगळ्यांना ताकीद दिलीये.