आधी घड्याळं जुळवा

हृदयरोग विभागात क्वालिटीचं काम नव्याने गळ्यात पडलं असेल, तर प्रोटोकॉल आणि चेकलिस्ट बाजूला ठेवा. आधी घड्याळं बघा.

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी 10 मिनिटांत आणि एसटीईएमआय (हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद होऊन आलेला झटका) असेल तर रुग्ण दारात आल्यापासून 90 मिनिटांत बंद रक्तवाहिनी उघडलेली, हे तुम्हाला पाठ असेलच. मलाही होतं. पहिल्या तिमाहीचा तक्ता मी मोठ्या ऐटीत मांडला, जवळपास सगळ्या केसेस 90 च्या आत. कॅथलॅबच्या, म्हणजे बंद रक्तवाहिनी जिथे उघडतात त्या विभागाच्या, सिस्टरांनी शांतपणे एका फाइलवर बोट ठेवलं. ईसीजी 10:04, रुग्णाची नोंद 10:11. म्हणजे माणूस यायच्या सात मिनिटं आधीच त्याचा ईसीजी निघाला होता!

ईसीजी मशिनचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. पण खरी गोम पुढेच. मी ‘दारात आला’ म्हणून जी वेळ धरत होते, ती फाइल तयार झाल्याची होती. तोवर रुग्ण स्ट्रेचरवर, ईसीजीसुद्धा उरकलेला. त्यात कॅथलॅबचा मॉनिटर सहा मिनिटं मागे. सुरुवात उशिरा धरली, शेवट लवकर, आणि मधला काळ कागदावर आपोआप आक्रसला. कुणी खोटं लिहिलं नव्हतं, तरी अख्खा तक्ता खोटा.

वेळा दुरुस्त केल्यावर आकडे बिघडले आणि बोलणी मी खाल्ली. तुम्हीही खाल. घाबरू नका, खरा वाईट आकडा हाती आला की निदान कुठे हात घालायचा ते कळतं. आमच्याकडे उशीर व्हायचा तो कार्डिओलॉजिस्टच्या होकाराची वाट बघण्यात. इमर्जन्सीच्या डॉक्टरनेच एका फोनवर कॅथलॅब टीम बोलवायची, हा उपाय अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीच्या 2006 च्या डी-टू-बी (डोअर-टू-बलून, दारापासून रक्तवाहिनी उघडेपर्यंतचा वेळ) मोहिमेतही होता. आम्हाला तो पचायला वर्ष लागलं.

दुसऱ्या रुग्णालयाचं एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) उचलून नाव बदलू नका. हा आळस लगेच उघडा पडतो. गुरू करायचाच तर रात्रपाळीचा टेक्निशियन करा, मोठ्या साहेबांना रात्री तीनला लिफ्ट कुठे अडते ते ठाऊक नसतं. आणि नुसत्या सरासरीवर विसंबू नका, 90 ओलांडलेली प्रत्येक फाइल स्वतः वाचा.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला घरी रोज वजन करायला सांगणं वगैरे पुढचा टप्पा, त्यालाही वेळ येईल. मी मात्र अजून दर सोमवारी मोबाइल हातात धरून तिन्ही घड्याळं बघत फिरते. वॉर्डबॉय हसतात.