वायमार काळातलं लुगर कसं ओळखावं: फौजेचं, पोलिसांचं की बाजारातलं

पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार काळातलं (जर्मनी, १९१९ ते १९३३) लुगर हे जर्मन पिस्तूल समोर आलं, मग ते संग्रहालयाच्या कपाटात असो की लिलावाच्या फोटोत, की बरेच जण नळी आखूड दिसते म्हणून ‘व्हर्साय तहाचं पिस्तूल’ असा शेरा मारून मोकळे होतात. नुसत्या नळीवरून तसं ठरत नाही. आधी तहाने नेमकं काय बांधून दिलं होतं ते पाहू.

१० जानेवारी १९२० रोजी लागू झालेल्या तहाने जर्मन फौज एक लाखावर आणली: पायदळाच्या ७ आणि घोडदळाच्या ३ डिव्हिजन. हत्यारांचा कोटाही ठरवून दिला. रायफली ८४ हजार, कार्बाइन (आखूड, आटोपशीर रायफली) १८ हजार, जड मशीनगन ७९२, हलक्या १,१३४. दर रायफल-कार्बाइनमागे ४०० काडतुसं, म्हणजे एकूण ४ कोटी ८ लाख. शस्त्रं बनवायची ती मित्रराष्ट्रांनी मंजूर केलेल्या कारखान्यांतच, आणि आयात-निर्यात बंद. पिस्तुलांचा या तक्त्यात रकानाच नाही. नळी किती मिलिमीटर आणि कॅलिबर (नळीच्या छिद्राचा व्यास) कोणतं, याबद्दलही कलमांत एक शब्द नाही. आखूड नळी आणि ७.६५ मिमी कॅलिबर हे मुख्यतः मित्रराष्ट्रांच्या नियंत्रणाखाली बाजारासाठी बनलेल्या मालात दिसतं. फौज आणि पोलीस ९ मिमी, १०० मिमी नळीचं पिस्तूल वापरतच राहिले.

म्हणून तपासणी पुढच्या क्रमाने करावी. त्याआधी, शस्त्र ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून मॅगझिन काढून, टॉगल (वरचा, बिजागरीसारखा दुमडणारा भाग) मागे ओढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची खात्री करून घ्या.

पहिली पायरी नळीची. बाजारी लुगरची नळी साधारण ९८ मिमी असते, सरकारी १०० मिमी. दोन मिलिमीटरचा फरक टेपने सापडत नाही. शिवाय लुगरचं चेंबर नळीचाच भाग आहे, त्यामुळे बाहेरून दिसणारी नळी मोजली की आकडा हमखास कमी येतो. टॉगल बंद करून तोंडातून गुळगुळीत लाकडी काडी ब्रीचला (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत आत सोडा, तोंडाच्या कडेशी खूण करा आणि काडी बाहेर काढून कॅलिपरने मोजा. नळीवर मुकुटाखाली एन हे अक्षर असेल तर तो नागरी चाचणीचा शिक्का. ७.६५ मिमी, ९८ मिमी आणि हा शिक्का एकत्र आले की पिस्तूल बाजारातलं मानायला हरकत नाही.

मग चेंबरचा माथा बघा. तिथे एकाखाली एक दोन सालं, समजा वर १९२० आणि खाली १९१७, असतील तर १९१७ हे निर्मितीचं साल. वरचं १९२० म्हणजे सरकारी मालमत्तेची खूण. त्या वर्षी लोकांकडची लष्करी हत्यारं जमा करून घेण्याचा कायदा आला आणि फौज-पोलिसांच्या ताब्यातलं हत्यार वेगळं ओळखू यावं म्हणून हा शिक्का मारला गेला. काही कार्बाइनींवर आणि संगिनींवरही तो आढळतो. १९२० एकटंच असेल तर मात्र घाई नको, कारण त्या वर्षी नव्याने बनलेली पिस्तुलंही आहेत आणि त्यांच्यावर ते निर्मितीचंच साल आहे. आकड्यांच्या कडा ताज्या दिसल्या म्हणून शिक्का लगेच बनावट ठरवू नका. खरा शिक्काही तयार पिस्तुलावर नंतरच मारलेला असतो.

टॉगलवरचं नाव कारखाना सांगतं. एरफुर्टचा सरकारी कारखाना तहाने बंद पडला. फौजेसाठी रायफली आणि लुगर बनवण्याची परवानगी सुल शहरातल्या सिमसन कंपनीला मिळाली, त्यामुळे सिमसनचं नाव दिसलं की वायमार काळ जवळपास पक्का. (सिमसन हे ज्यू कुटुंब. नाझींनी १९३५ मध्ये कारखाना त्यांच्याकडून बळकावला.) लुगर बनवणाऱ्या डीडब्ल्यूएम कंपनीचं नाव युद्धाआधी, युद्धात आणि नंतरही चालू राहिलं; १९३० मध्ये यंत्रं ओबर्नडॉर्फला माउझर कंपनीकडे गेली. म्हणून त्या नावावरून काळ ठरवता येत नाही.

सगळ्यात जास्त माहिती मुठीच्या पुढच्या पट्टीवर मिळते. भिंग घ्या आणि उजेड तिरका पाडा. कैसरच्या फौजेच्या शिक्क्यात रेजिमेंटचा क्रमांक आधी येतो: ११३, मग आर, मग कंपनी, मग हत्याराचा क्रमांक. वायमार फौजेत पायदळासाठी जे. आर. ही अक्षरं येतात आणि रेजिमेंटचा क्रमांक त्यांच्यानंतर. तहाप्रमाणे ७ डिव्हिजन, प्रत्येकी ३ रेजिमेंट, म्हणजे एकूण २१. जे. आर. पुढे २१ पेक्षा मोठा आकडा दिसला तर तो वायमार फौजेचा शिक्का नव्हे.

पोलिसांच्या शिक्क्यात पहिलं अक्षर दलाचं. जून १९२० मध्ये मित्रराष्ट्रांनी झिपो हे निमलष्करी सुरक्षा पोलीस दल बरखास्त करायला लावलं, पोलिसांची संख्या दीड लाखावर बांधली, आणि त्यातून शुट्झपोलिझाय हे गणवेशधारी पोलीस दल उभं राहिलं. त्याचं अक्षर एस. पुढचं अक्षर जिल्ह्याचं, डी म्हणजे ड्युसेलडॉर्फ. मग रोमन अंकात विभाग आणि शेवटी हत्याराचा क्रमांक. जुना लष्करी शिक्का खोडून त्यावर पोलिसांचा मारलेला दिसला तर तो दोष समजू नका; हत्यार हात बदलत गेल्याची ती नोंद आहे.

डावी बाजू शेवटी तपासा. बाजूची पट्टी काढल्यावरही आत राहिलेली गोळी सुटू शकते, हा लुगरचा धोका होता. म्हणून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसांच्या पिस्तुलांत सिअर (चाप ओढेपर्यंत झाडणं रोखून धरणारा तुकडा) अडवणारी पोलादी पट्टी बसवली गेली. मॅगझिन काढल्यावर झाडणं रोखणारी दुसरी योजनाही होती. ती पुढे अनेकदा काढून टाकली गेली आणि डाव्या पकडीच्या वरच्या भागात फ्रेमला (पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्याला) फक्त भोक उरलं. हे भोक पोलिसी वापराचा चांगला पुरावा आहे. याउलट रिसीव्हरच्या (नळी ज्यात बसते त्या भागाच्या) पुढच्या तोंडाशी असलेल्या खाचेवर भिस्त ठेवू नका. ती २०० मिमी नळीच्या तोफखाना लुगरच्या साईटसाठी होती, पण युद्धातल्या काही साध्या लुगरांवरही ती सापडते.

रायफलींबाबतही अशीच एक समजूत आहे. वायमार फौजेच्या कार्बाइन ९८बी ची नळी ७४० मिमी, म्हणजे जुन्या लांब रायफलीइतकीच. तहाला चकवा द्यायला तिला कार्बाइन म्हटलं, असं वारंवार लिहिलं जातं. पण कोट्यात रायफली ८४ हजार आणि कार्बाइन १८ हजारच होत्या. रायफलीला कार्बाइनच्या रकान्यात टाकून फौजेचा फायदा काय होणार होता? तिचा खाली वळवलेला बोल्ट आणि बाजूला लावलेला पट्टा ही कार्बाइनची ठेवण आहे. नोंद करताना नावासोबत नळीची लांबी, बोल्टचा आकार आणि पट्ट्याची जागा लिहा.