मोळी पडण्याआधी मोटरी मेगर करताना

साखर कारखान्याची मोळी पडून गाळप सुरू होण्याआधी, चार महिने पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या मोटरीला थेट बटण दाबून उठवू नका. बॉयलर पेटायच्या निदान पंधरा दिवस आधी मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन किती मेगओहम आहे ते मोजायचं यंत्र) बाहेर काढा, म्हणजे एखादी मोटर ओली निघाली तर सुकवायला वेळ मिळतो.

आदल्या दिवशी मेगरचे सेल बघा. लीड सुट्या ठेवल्या की अनंत आणि एकमेकींना टेकवल्या की शून्य दिसलं पाहिजे. ४१५ व्होल्टच्या मोटरीला ५०० व्होल्ट डीसी पुरे. मागच्या हंगामाची वही सोबत घ्या. ती नसेल तर नुसत्या आकड्यावरून मोटर खालावतेय की नाही हे कळत नाही.

सकाळी परमिट (कामाची लेखी परवानगी) घेऊन फीडर, म्हणजे मोटरीला येणारी वीज, बंद करा, कुलूप लावा, किल्ली आपल्याच खिशात ठेवा. टेस्टर आधी चालू सप्लायवर, मग मोटरच्या टर्मिनलवर, पुन्हा चालू सप्लायवर लावून बघा.

आता केबल सोडवायची, आणि इथे अजिबात घाई नको. सुरुवातीच्या काळात मी एकदा पॅनेलकडूनच मेगर लावला होता. मोटर ठणठणीत निघाली, पण मध्ये असलेला ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) गेला. तेव्हापासून मी मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडून लग (केबलच्या टोकाचे धातूचे तुकडे) सोडवल्याशिवाय लीड हातात घेत नाही. लग काढण्याआधी आर, वाय, बी या तीन फेजच्या रंगीत टेप गुंडाळा, नाहीतर जोडताना फेज बदलून पंप उलटा फिरेल. स्टार-डेल्टाची सहा टोकं असतील तर त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या काढा, म्हणजे बॉडीशी आणि फेज-फेजमध्येही मोजता येईल. थर्मिस्टरच्या (वाइंडिंगचं तापमान जाणणाऱ्या सेन्सरच्या) वायरी एकत्र करून बॉडीला जोडा. त्यांच्यावर मेगर मारायचा नाही.

सोबत कोरडं सुती फडकं हवंच. बगॅस (उसाचं चिपाड) वाहणाऱ्या कॅरिअरच्या एका मोटरीनं ०.८ मेगओहम दाखवले आणि सगळे म्हणाले, रिवाइंडिंगला पाठवा. टर्मिनल प्लेटवर दमट भुश्याचा पातळ थर होता. तो पुसला, थोडा गरम वारा दिला, आणि तीच मोटर ६० वर गेली. बॉडीची क्लिप रंगावर लावू नका, कानशीनं घासून चकचकीत लोखंड काढा.

रीडिंग ६० सेकंदांनी घ्या, वाइंडिंगचं तापमानही टिपा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आकडा साधारण निम्मा होतो, म्हणून ४० अंशांवर आणून ताडा. या मोटरींना ५ मेगओहमच्या खाली असेल तर हीटर किंवा बल्ब लावून सुकवा, चालवू नका.

मोजणी झाली की वाइंडिंग बॉडीला जोडून डिस्चार्ज करा, निदान मोजणीच्या चौपट वेळ. हेल्परला आधीच बजावा: तोवर टोकांना हात नाही. मग वहीत मोटर नंबर, तारीख, हवा, तापमान, व्होल्ट आणि रीडिंग लिहा, तिथेच उभं राहून.