कॅनडातील अल्पमताचे सरकार आणि नेतेपदाची लढत: बातमी कशी वाचावी

प्रथम जागा मोजाव्यात: 2021 मध्ये 338 जागांच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) लिबरल पक्षाला 160 मिळाल्या, बहुमताला 170 लागत होत्या. मग येणारे मतदान विश्वासाचे आहे का, हे तपासावे. अर्थसंकल्प फेटाळला गेला तर सरकार पडते, साध्या विधेयकाने सहसा नाही.

नेतेपदाच्या लढतीत नुसत्या एकूण मतांवर विसंबू नये. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात मतदारसंघनिहाय गुण मिळतात आणि बाद उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे वळतात; 2017 मध्ये अँड्र्यू शीअर तेराव्या फेरीत, तेही काठावर, जिंकले.

शेवटी संसदेचे वेळापत्रक पाहावे. जानेवारी 2025 मध्ये तेव्हाचे लिबरल पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी राजीनामा जाहीर करतानाच संसदेचे सत्रावसान (म्हणजे अधिवेशन संपवून कामकाज थांबवणे) 24 मार्चपर्यंत करवून घेतले, त्यामुळे त्यांच्या जागी मार्क कार्नी पक्षाचे नेते निवडले जाईपर्यंत विरोधकांना सरकार पाडण्याची सोयच उरली नाही. चाल नियमात बसणारी, पण पक्षाच्याच सोयीची.