प्रतिकारशक्तीसाठी सेलेनियम: गोळी घेण्याआधी बेरीज करा

प्रतिकारशक्तीसाठी सेलेनियम हे खनिज घ्या, असं सांगणारे भरपूर भेटतात. आधीच किती पोटात जातंय, हे विचारणारा क्वचित. मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. गरोदरपणी ६०, अंगावर पाजताना ७०.

पांढऱ्या पेशी जंतू मारायला जहाल रसायनं सोडतात. त्यांची झळ आपल्याच पेशींना बसू नये म्हणून लागणाऱ्या काही विकरांच्या (एन्झाइम्सच्या) गाभ्यात सेलेनियम असतं. ते कमी पडलं तर प्रतिकार ढिला पडतो. पण गरज भागल्यावर वरून ओतलेल्यानं तो दुप्पट होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

पहिली पायरी: मासे, अंडी, मांस, धान्यं यांतलं काय रोज खाता ते पाहा. जिथल्या मातीत सेलेनियम कमी, तिथल्या धान्यातही कमी.

दुसरी पायरी: घरातल्या सगळ्या गोळ्यांचे डबे एका टेबलावर मांडा. माझी फजिती इथंच झाली होती. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ५०, केसांच्या गोळीत ७०, ‘इम्युनिटी’च्या कॅप्सूलमध्ये १००. प्रत्येक डबा एकटा पाहिला तर निरुपद्रवी. त्यावर रोज चार ब्राझील नट. एकेका दाण्यात ७०-९० मायक्रोग्रॅम असू शकतं, आणि दाण्यादाण्यात फरक पडतो तो वेगळाच. म्हणजे पाचशेच्या वर! केसांसाठी गोळी घेत होतो आणि केसच कंगव्यात येऊ लागले. नखं ठिसूळ झाली, तोंडाला लसणासारखा वास. लसूण मात्र खाल्लेला नव्हता. ही सगळी जास्तीच्या सेलेनियमची ओळखीची लक्षणं, पण मी कमतरता समजून आणखी एक डबा आणायला निघालो होतो.

बेरीज करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं एकक: ०.२ मिलिग्रॅम दिसायला किरकोळ, पण ते २०० मायक्रोग्रॅम होतात. दुसरं, आकडा कशाचा, निव्वळ सेलेनियमचा की ते ज्या संयुगातून गोळीत घातलंय त्याचा? सोडियम सेलेनाइटच्या वजनात निम्म्याहून थोडं कमीच सेलेनियम असतं, सेलेनोमिथिओनिनमध्ये साधारण ४० टक्के. लेबलवर निव्वळ सेलेनियम किती ते स्पष्ट नसेल, तर तो डबा मी घेतच नाही. अमेरिकेत मोठ्यांसाठी वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम धरतात. युरोपात २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. मी दुसरी मानतो, आणि यात जेवणातलंही मोजायचं असतं.

तिसरी पायरी: बेरीज गरजेइतकी आली तर जास्तीचे डबे बंद. डायलिसिस चालू असेल किंवा बराच काळ शिरेतून पोषण मिळत असेल, तर कमतरतेची शक्यता खरी. तिथं रक्ततपासणी करून डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यायचं.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला २० मायक्रोग्रॅम पुरतं. मोठ्यांची गोळी मोडून अर्धी त्याला भरवू नका.