ब्रिजमध्ये भिडूने 'एक बदाम' म्हटलं, आता किती वर जायचं?

एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ हे गुण तुम्हाला मोजता येतात आणि भिडूच्या 'एक बदाम'मागे (बदाम हुकूम धरून सहावर एक, म्हणजे सात हात करायची बोली) किमान पाच बदाम आहेत, असं धरून चालतो.

६ पेक्षा कमी गुण असतील तर बहुतेक वेळा पास. ६ ते ९ गुण आणि बदामाची तीन पानं असतील तर दोन बदाम. १३ किंवा वर असाल तर थेट चारवर उडी मारू नका. आधी नवा रंग बोला. तुम्ही अगोदर पास झालेले नसाल तर भिडूला त्यावर पास होता येत नाही.

गोची होते ती तीन बदामांपाशी. ही बोली म्हणजे भिडूला आमंत्रण: तुझ्याकडे थोडं जास्त असेल तर चार कर. '१० ते १२ गुण असले की तीन' असं सगळे सांगतात. मीही कित्येक वर्षं तेच घोकलं आणि दर वेळी एक हात कमी पडून बुडालो.

ही पानं बघा. इस्पिक राणी-गुलाम, बदाम ८-६-४, चौकट राजा-गुलाम-५-२, किलवर राणी-गुलाम-७-३. गुण भरतात १०, पण एक्का एकही नाही, हुकूम जेमतेम तीन. इस्पिकची ती राणी-गुलामाची जोडी तर समोरच्यांच्या एक्का-राजाखाली जायलाच बसली आहे. इथे दोन बदाम, एकही पायरी वर नाही.

आता हे: इस्पिक ६, बदाम राजा-९-७-४, चौकट एक्का-८-५-३-२, किलवर ९-६-२. गुण फक्त ७. पण इस्पिकच्या दुसऱ्या हातालाच तुम्ही हुकूम मारणार. चार हुकूम असताना एकट्या पानाचे ३ गुण धरा. झाले १०. बिनधास्त तीन बोला.

फक्त हे वाढीव गुण रंग जुळल्यावरच धरायचे. एकटं पान भिडूच्याच रंगाचं असेल तर ते दुखणं आहे, त्याचे गुण कसले मोजता?

आणि चारची उडी? ती दुबळ्या पानांसाठी राखून ठेवा: पाच बदाम, कुठेतरी एकटं पान, गुण पाच-सहा. कोणीच व्हल्नरेबल (बुडाल्यावर जास्त दंड बसणारं) नसेल तर डबल होऊन, म्हणजे समोरच्यांनी दंड वाढवणारी बोली देऊन, दोन हात बुडालात तरी ३००च जातात. समोरच्यांचे चार इस्पिक झाले असते तर ४२० गेले असते.